‘सापडला’ म्हणजे नक्की काय सापडलं?



प्रास्ताविकात आत्ता एक आठवण सांगितली गेली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो ते शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात कुणी काही ठासून सांगितलं की ते विचारायचे, “पाहिलंस, की ऐकलंस?” मी पस्तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि खरं सांगते, माझी शिकवणूक या तीन शब्दांच्या फार पुढे कधी गेली नाही. आज त्यांच्या प्रश्नाला मी माझं शेपूट जोडणार आहे. “सापडलं म्हणतोस, ते नक्की काय सापडलं?”

विषय आहे रानातल्या वटवाघळांमधले विषाणू कसे शोधतात, हा. पण सुरुवात करते बातमीपासून. जून २०२१. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. लोक जरा श्वास घेत होते, आणि तेवढ्यात बातमी आली : महाबळेश्वरच्या गुहेत, वटवाघळांमध्ये निपाह विषाणू सापडला. तुम्ही वाईची माणसं. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, आणि तिथून महाबळेश्वर ते कितीसं लांब? माझी मावसबहीण पाचगणीला असते. तिचा त्याच संध्याकाळी फोन. “ताई, इथं राहायचं की नाही?” तिच्या परसात पेरूची दोन झाडं आहेत आणि त्यांवर रात्री वटवाघळं येतात. गेली चाळीस वर्षं येतात. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं परसाचं दार सहा वाजताच लावून घेतलं.

मी तिला म्हटलं, राहा. आणि सविस्तर नंतर सांगते म्हटलं. ते सविस्तर आज सांगते आहे, तिच्याऐवजी तुम्हांला. (ती आली आहे. तिसऱ्या रांगेत बसली आहे.)

पहिल्यांदा, हे शोधणारे लोक रानात जाऊन करतात तरी काय? मी विषाणूतज्ज्ञ नाही. मी प्राणी ओळखणारी बाई. अशा पथकाबरोबर मला न्यायचे ते जाळ्यात आलेलं वटवाघूळ कोणत्या जातीचं, नर की मादी, पिल्लू की प्रौढ हे सांगायला. वन खात्याची परवानगी, रेबीजची लस आधीच टोचून घेतलेली, हातात चामडी मोजे, तोंडाला मास्क, अंगावर तो पांढरा झगा. दिवस मावळायच्या आत दोन उंच बांबूंमध्ये जाळं ताणायचं. त्या जाळ्याचे धागे इतके बारीक असतात की दिवसाउजेडी आपण स्वतः त्यात अडकतो. मी अडकले आहे, केसांसकट.

मग वाट बघायची. अंधार पडतो. गुहेच्या तोंडातून आधी पाकोळ्या सुटतात, त्या लहान, किडे खाणाऱ्या. त्यांच्यामागून फळं खाणारी, मध्यम आकाराची, गुहेत राहणारी जात, रुसेटस. ही मोठी गमतीची. फळं खाणारी बहुतेक वटवाघळं वाट शोधतात ती डोळ्यांनी आणि नाकानं. ही मात्र अंधाऱ्या गुहेत जिभेनं टक-टक असा आवाज काढते आणि त्याच्या पडसादावर चालते. रात्री गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं तर ते ऐकू येतं, शंभर जणांनी एकदम जीभ टाळ्याला लावून सोडावी तसं.

जाळ्यात आलेलं वटवाघूळ अलगद सोडवायचं आणि कापडी पिशवीत ठेवायचं. पूर्वी वाण्याकडे साखर आणायला नाडीची पिशवी असायची ना, अगदी तशी. अंधारात, कापडात, ते शांत होतं. मग कोपर ते मनगट हे माप घ्यायचं, वजन करायचं. घशात कापसाची काडी फिरवायची, गुदद्वारातून एक काडी, पंखाच्या शिरेतून रक्ताचे दोन थेंब. तुमच्यापैकी कुणाच्या नाकात २०२०-२१ साली काडी गेली नाही? तीच काडी. फरक एवढाच की तुम्ही चावला नाहीत. काम झालं की त्याला गोड पाणी पाजायचं आणि सोडून द्यायचं. नमुना एका छोट्या नळीत, आणि ती नळी दुधाच्या कॅनसारख्या भांड्यात, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. तिथून पुण्याला.

पुण्याला म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था. माकडतापाचा विषाणू १९५७ साली जगासमोर आणला तो तिनंच. पाषाणला तिची सर्वांत कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा आहे. निपाहसारख्या विषाणूला जिवंत हाताळायचं तर असंच ठिकाण लागतं. आपण पुण्याहून येता-जाता पाषाणच्या रस्त्यानं जातो आणि आपल्याला ठाऊकही नसतं.

आता मुद्द्यावर येते. नळी प्रयोगशाळेत पोचली. तिच्यात विषाणू ‘सापडला’ असं म्हणायचे तीन निरनिराळे अर्थ आहेत. या तीन अर्थांची गल्लत झाली की बहीण परसाचं दार लावून घेते.

पहिला अर्थ : रक्तात प्रतिपिंडं सापडली. म्हणजे या प्राण्याच्या अंगात कधीतरी असा विषाणू येऊन गेला आणि शरीरानं त्याची आठवण ठेवली. चोर आला होता, गेला. उंबऱ्यावर पावलाचा ठसा आहे. चोर कधी आला? माहीत नाही. हाच चोर की त्याचा भाऊ? तेही ठामपणे सांगता येत नाही, कारण एका घराण्यातल्या विषाणूंचे ठसे एकमेकांसारखे दिसतात. निपाहच्या प्रतिपिंडांची चाचणी त्याच्या एखाद्या अनोळखी चुलतभावालाही ‘हो’ म्हणू शकते.

दुसरा अर्थ : विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा सापडला. हे आपल्या ओळखीच्या आरटी-पीसीआरचं काम. इथं चोर घरात आहे किंवा आत्ताच गेला आहे. निदान त्याच्या सदऱ्याचं बटण तरी सापडलं आहे. तो तुकडा वाचला, अक्षर न् अक्षर लावलं, तर हा कोणत्या घराण्यातला, कुणाचा कोण, हे कळतं. पण बटण सापडणं आणि चोर जिवंत सापडणं यांत अजून अंतर आहे.

तिसरा अर्थ : जिवंत विषाणू सापडला. नमुना पेशींवर टाकला, पेशी आजारी पडल्या, फुगल्या, एकमेकींत विरघळल्या. आता शंका उरत नाही. आणि हेच सर्वांत अवघड. इबोला पाहा. १९७६ साली तो माणसांत ओळखला गेला. आफ्रिकेतल्या फळखाऊ वटवाघळांत त्याची प्रतिपिंडं आणि जनुकीय तुकडे सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं. आणि जिवंत इबोला विषाणू? कुठल्याही वटवाघळाच्या अंगातून तो अजून कुणी वेगळा काढू शकलेलं नाही. इतकी वर्षं, इतक्या गुहा, इतके नमुने, तरीसुद्धा.

या तीन पायऱ्यांवर महाबळेश्वरची बातमी ठेवून बघू या. नमुने घेतले होते मार्च २०२० मध्ये. गुहेतल्या रुसेटस वटवाघळांपैकी तीसहून अधिक जणांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. म्हणजे पहिली पायरी. जनुकीय तुकड्याची चाचणी होकारार्थी आली ती एका रुसेटसमध्ये आणि एका पाकोळीत. म्हणजे दुसऱ्या पायरीवर पाय टेकला, दोन प्राण्यांपुरता. तिसरी पायरी नाही. आणि महाराष्ट्रात तोवर माणसाला निपाह झाल्याची एकही नोंद नव्हती. मित्रहो, शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाला शीर्षक दिलं त्यातच ‘संभाव्य’ अशा अर्थाचा शब्द घातलेला आहे. संभाव्य निपाह संसर्ग. बातमीत तो एक शब्द गळला. मी वर्तमानपत्रांना दोष देत नाही, मथळ्याला जागा कमी असते. पण बघा, सगळं विज्ञान त्या गळलेल्या शब्दात होतं.

मग हे काम बिनमहत्त्वाचं का? मुळीच नाही. आतापर्यंत निपाहसाठी सगळे जण बघत होते ते झाडावर राहणाऱ्या मोठ्या वटवाघळाकडे. वडा-पिंपळावर उलटं टांगलेलं असतं ते, पंख पसरले तर हातभरापेक्षा कितीतरी रुंद. गुहेतल्या रुसेटसकडे आणि घराच्या फटीत राहणाऱ्या पाकोळीकडे कुणाचं तितकं लक्ष नव्हतं. आता लक्ष ठेवायला हवं, एवढं त्या नमुन्यांनी सांगितलं. तेवढंच सांगितलं, आणि ते पुष्कळ आहे.

जिवंत विषाणू पकडल्याची एक गोष्ट सांगते. मला ती फार आवडते, म्हणून जरा जास्त वेळ घेणार आहे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे बघू नये.

१९९८ची अखेर, मलेशिया. वराहपालन करणाऱ्या गावांत माणसं तापानं फणफणत होती, बेशुद्ध होत होती, मरत होती. सगळ्यांना वाटलं, हा जपानी मेंदूज्वर. डास मारण्याची मोहीम झाली, लसी दिल्या गेल्या. माणसं मरतच राहिली. मार्च १९९९ मध्ये क्वालालंपूरच्या मलाया विद्यापीठातले एक डॉक्टर, चुआ काव बिंग, एका रुग्णाचा नमुना टाकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. पेशी एकमेकींत मिसळून मोठमोठे गोळे झाले होते. मेंदूज्वराचा विषाणू असं करत नाही. चुआ तो विषाणू घेऊन थेट अमेरिकेला गेले, आणि तिथं ठरलं की हा नवाच कुणी आहे. रुग्णाच्या गावावरून त्याचं नाव पडलं : सुंगाई निपाह. सुंगाई म्हणजे नदी. निपाहच्या काठावरचं ते गाव. त्या साथीत २६५ जण आजारी पडले, १०५ दगावले, आणि दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली.

डुकरांना तो कुणी दिला? ऑस्ट्रेलियात काही वर्षं आधी, १९९४ साली, ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात शर्यतीचे घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक अशाच एका अनोळखी विषाणूनं मेले होते, आणि त्याचं मूळ फळखाऊ वटवाघळांत निघालं होतं. निपाह त्याच घराण्यातला. म्हणजे वटवाघळांकडे बोट होतं, पण पुरावा हवा होता. जिवंत.

जाळी लावली, वटवाघळं धरली, नमुने घेतले. जिवंत विषाणू हाती लागेना. का? विचार करा. एखादं वटवाघूळ विषाणू बाहेर टाकत असेल तर ते वर्षातून काही दिवस, थोडा थोडा. तुमचं जाळं नेमक्या त्या रात्री नेमक्या त्या वटवाघळाला लागायला हवं. चुआंनी वेगळंच केलं. तिओमान बेटावर वटवाघळांची मोठी वसाहत उंच झाडांवर होती. पहाटे सगळी वटवाघळं खाऊन-पिऊन परत येतात आणि आल्याआल्या लघवी करतात. (हसू नका, आपणही प्रवासातून आल्यावर तेच करतो.) चुआ आणि त्यांचे सहकारी यांनी पहाटेच्या अंधारात झाडांखाली प्लास्टिकची कापडं अंथरली. थेंब पडले की ते टिपून घ्यायचे. आणि वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेली फळं, त्यांच्यावर दातांच्या खुणांजवळ काडी फिरवायची. झालं. एकाही प्राण्याला हात लावला नाही. त्या थेंबांतून आणि फळांतून तीन जिवंत निपाह विषाणू मिळाले. दोन लघवीतून, एक उष्ट्या फळावरून.

उष्ट्या फळावरून! त्या एका नमुन्यानं रस्ता दाखवला : झाड, झाडावरचं वटवाघूळ, खाली पडलेलं उष्टं फळ, झाडाखालचा डुकरांचा गोठा. मलेशियात वराहपालनाच्या मोठ्या वाड्यांना लागूनच फळबागा होत्या. आणखी एक गंमत. त्याच प्लास्टिकच्या कापडांवर कुणालाही ठाऊक नसलेला दुसराच एक विषाणू सापडला. त्याला बेटाचं नाव मिळालं, तिओमान. गेले होते एकाला शोधायला, भेटला आणखी एक. जगातल्या अर्ध्या शोधांची गोष्ट अशीच असते, आणि अनुदानाच्या अर्जात ती लिहिता येत नाही.

‘सापडला’बद्दल एवढं बोलले. आता ‘नाही सापडला’. हा शब्द तर त्याहून फसवा.

मे २०१८, केरळ, कोळिकोड जिल्हा, पेरांब्रा गावाचा परिसर. एका कुटुंबातली माणसं एकामागून एक आजारी पडली. त्या घराजवळ एक विहीर होती आणि विहिरीत वटवाघळं होती. निपाह निश्चित झाला आणि देशभर चित्रं झळकली : विहीर, जाळं, वटवाघळं. नमुने भोपाळच्या प्राणीरोग प्रयोगशाळेत गेले. निकाल नकारार्थी. आणि लगेच चर्चा सुरू झाली, वटवाघळं निर्दोष! मग कोण दोषी? व्हॉट्सॲपवर तर न्यायालयच बसलं होतं.

पण विहिरीतली वटवाघळं कोणती होती? किडे खाणारी. संशय कुणावर असायला हवा होता? फळं खाणाऱ्या मोठ्या जातीवर. ज्या घरात चोरी झाली त्याच्या शेजाऱ्याच्या खिशात हात घालून ‘काही नाही’ म्हणण्यातला हा प्रकार. नंतर त्या भागातली मोठी फळखाऊ वटवाघळं तपासली, तेव्हा काहींच्या घशातल्या नमुन्यात निपाहचे तुकडे मिळाले, आणि ते रुग्णांमधल्या विषाणूच्या अगदी जवळचे होते. त्या साथीत शासकीय मोजणीप्रमाणे १७ माणसं गेली. त्यांत लिनी पुथुसेरी ही रुग्णांची शुश्रूषा करणारी परिचारिका होती.

आता जरा गणित. घाबरू नका, चौथीचंच आहे. समजा, एका वसाहतीत शंभरातल्या एकाच वटवाघळाच्या अंगात आत्ता विषाणू आहे. तुम्ही पन्नास पकडली आणि तपासली. पन्नासही जण निर्दोष निघण्याची शक्यता किती? साठ टक्के! म्हणजे विषाणू तिथं असूनही निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही ‘नाही’ म्हणून परत याल. पंचाण्णव टक्के खात्री हवी तर सुमारे तीनशे वटवाघळं तपासावी लागतील. एका रात्रीत तीनशे? मी ज्या रात्री गेले त्यांतल्या चांगल्या रात्रीसुद्धा आमच्या जाळ्यात वीस-पंचवीस आली असतील. एका रात्री एक घुबड आलं आणि मंडळींनी जाळं गुंडाळलं.

म्हणून ‘नाही सापडला’ असं कुणी म्हटलं की विचारायचं : कोणत्या जातीत? किती जणांत? कोणत्या महिन्यात? कशानं तपासलं, घसा, विष्ठा की रक्त?

याच्या उलटही घडतं. मेहनतीनं सगळं शोधायचं ठरवलं तर? बांगलादेशात हे करून पाहिलं. जात तीच, आपल्या वडा-पिंपळावर टांगलेली असते ती. १,८९७ नमुने, नऊ विषाणू घराणी, सापडले ५५ विषाणू. संख्याशास्त्रानं सांगितलं, एकूण ५८च्या आसपास असावेत, म्हणजे जवळपास सगळे सापडले. इथपर्यंत मला हे काम अतिशय सुंदर वाटतं. पण मग त्या ५८ला सस्तन प्राण्यांच्या सगळ्या जातींनी गुणलं आणि ‘जगात ३ लाख २० हजार अज्ञात विषाणू’ हा आकडा जगभर फिरला. एका घरातल्या माणसांना सगळ्या घरांच्या संख्येनं गुणून गावाची लोकसंख्या काढावी, तसा. लेखकांनी मर्यादा लिहिल्या होत्या. पण मथळ्याला जागा कमी असते, हे मी मघाशीच म्हटलं.

आणि या ५५ विषाणूंपैकी माणसाला त्रास देणारे किती? बहुतेकांबद्दल तसा काही पुरावाच नाही. एप्रिल २०२० मध्ये आपल्या देशातल्या वटवाघळांत करोना विषाणू सापडल्याची बातमी आली, ती आठवते? ५८६ वटवाघळांच्या नमुन्यांपैकी २५ मध्ये होते. करोना घराण्यातले होते, हे खरं. कोविडचा विषाणू नव्हता, हेही तितकंच खरं. तुमच्या आडनावाचा माणूस तुरुंगात आहे म्हणून तुम्हांला कुणी पकडत नाही. कोविडच्या विषाणूचे आजवर सापडलेले सर्वांत जवळचे नातेवाईक चीनच्या युन्नानमधल्या आणि लाओसमधल्या नालनाक्या वटवाघळांत मिळाले आहेत. साम्य सुमारे ९६ ते ९७ टक्के. ऐकायला ‘सापडलाच की’ वाटतं. पण तीस हजार अक्षरांत तीन-चार टक्के म्हणजे हजाराच्या आसपास अक्षरांचा फरक. एवढा फरक पडायला दशकं लागतात. हा पूर्वज नव्हे, चुलत घराणं.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. या प्राण्याला हे विषाणू मारत का नाहीत? थोडक्यात सांगते, कारण यावर अजून वाद आहेत. आपल्या शरीरात विषाणू शिरला की आपली संरक्षणयंत्रणा धिंगाणा घालते, आणि कित्येकदा माणूस मरतो तो त्या धिंगाण्यानं. वटवाघळात काही धोक्याच्या घंटा हळू वाजतात. उडण्यासाठी पेशींवर जो प्रचंड ताण पडतो तो सोसताना त्यांना ही सवय लागली असावी, असं एक मत आहे. काही अभ्यासक तर म्हणतात की वटवाघळांत विशेष काही नाही. त्यांच्या जाती चौदाशेच्या वर आहेत, जाती जास्त म्हणून विषाणू जास्त. मला हे दुसरं मत पूर्ण पटत नाही, पण ते ऐकल्यावर आवाज जरा खाली येतो, आणि ते बरं असतं.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. विषाणू आहे की नाही, याहून तो कधी आणि कुठून आपल्यापर्यंत येतो, हे शोधणं जास्त कामाचं. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूबद्दल २५ वर्षांची माहिती एकत्र मांडली गेली. किती घोडे कधी आजारी पडले, वटवाघळं कुठे होती, कुठली झाडं कधी फुलली. काय दिसलं? हिवाळ्यात रानातली झाडं फुलली नाहीत की उपाशी वटवाघळं छोट्या छोट्या टोळ्या करून शेतांकडे, वस्तीकडे, घोड्यांच्या कुरणांकडे येतात, आणि त्यानंतर घोडे मरतात. ज्या हिवाळ्यात रानात भरभरून फुलोरा आला, त्या हिवाळ्यात वटवाघळं रानात गेली आणि आजार थांबला. म्हणजे विषाणू शोधायला काडी आणि नळी लागते, पण साथ शोधायला कुणीतरी झाडांचा फुलोरा मोजलेला लागतो. तो मोजणारा माणूस सहसा कुठल्याच बातमीत नसतो.

बांगलादेशातही असंच. तिथं थंडीत शिंदीच्या झाडाला खाच पाडतात आणि रात्रभर मडक्यात रस गोळा करतात. शिंदी म्हणजे आपलीच. आपण नीरा पितो त्यांतलं एक झाड. पहाटे ताजा, कच्चा रस पिण्याची तिकडे मोठी आवड. निपाह तिथं जवळपास दर हिवाळ्यात येतो, तो का? संशोधकांनी रात्री अवरक्त किरणांचे कॅमेरे झाडांवर लावले. चित्रात दिसलं, मोठं वटवाघूळ येतं, खाचेशी तोंड लावतं, रस चाटतं, आणि कधी मडक्यात लघवीही करतं. उपाय काय निघाला? लस नव्हे, बंदूक नव्हे. बांबूच्या कामट्यांची चटई. खाचेभोवती आणि मडक्याभोवती ती बांधायची. तिला तिथं ‘बाना’ म्हणतात. रस काढणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती, काही जण वापरतही होते. शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्यानं दाखवून दिलं की तिच्यामुळे वटवाघळाचं तोंड रसाला लागत नाही. आणि रस उकळून गूळ केला तर विषाणूचा प्रश्नच मिटतो.

आणि बंदूक वापरली तर? तेही झालेलं आहे. युगांडातली किताका खाण. २००७ साली तिथल्या खाणकामगारांना इबोलाच्याच घराण्यातल्या मारबर्ग विषाणूनं गाठलं. खाणीत लाखभर फळखाऊ वटवाघळं होती, आणि त्यांत सुमारे पाच टक्क्यांच्या अंगात तो विषाणू होता, जिवंतसुद्धा मिळाला. लोकांनी काय केलं असेल? जाळी टाकून, तोंडं बुजवून सगळी वटवाघळं मारून टाकली. प्रश्न मिटला. मिटला का? २०१२ साली तिथून जवळच्याच इबांडा गावात मारबर्गची आणखी मोठी साथ आली. संशोधक पुन्हा खाणीत गेले. थोडी वटवाघळं परत आली होती, पूर्वीच्या तुलनेत अगदी मूठभर. त्यांच्यात संसर्ग किती? १३ टक्क्यांहून जास्त. जुनी, विषाणूला सरावलेली मंडळी मेली होती, आणि मोकळ्या जागेत नवी, कोवळी, कधीच लागण न झालेली येऊन राहिली असावीत. विषाणूला यापेक्षा चांगलं आमंत्रण कोणतं?

आपल्याकडचा कायदा सांगते, ऐकून आश्चर्य वाटेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं होती ती उंदीर आणि कावळ्यांच्या शेजारी, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत. पन्नास वर्षं तिथंच. २०२२च्या दुरुस्तीनं ती यादीच काढून टाकली. म्हणजे कोविडच्या दिवसांत ज्यांनी झाडं तोडून वटवाघळं हाकलण्याची भाषा केली, त्यांना कायद्याचाही फारसा धाक नव्हता. तेव्हा दक्षिण आशियातल्या साठहून अधिक अभ्यासकांना एकत्र येऊन सांगावं लागलं की बाबांनो, असं करू नका.

माझ्याच गल्लीतली गोष्ट. मे २०२०. कोपऱ्यावर एक जुना पिंपळ आहे, त्यावर साठ-सत्तर मोठी वटवाघळं. सोसायटीची सभा भरली, सगळे मास्क लावून, एकेका खुर्चीचं अंतर सोडून. ठराव एकच : पिंपळाच्या फांद्या छाटून वटवाघळं घालवायची. मला बोलावलं होतं, कारण मी ‘त्यातली’. मी तुम्हांला सांगितलं त्यातलं अर्धंमुर्धं तिथं सांगितलं. कुणाला पटलं नाही. शेवटी मी विचारलं, वटवाघळांचा त्रास नक्की काय होतो? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक काका म्हणाले, “स्कूटरवर घाण पडते हो. रोज पुसावी लागते.”

झाडाखाली गल्लीतल्या नऊ स्कूटर लावलेल्या होत्या. रोज सकाळी नऊ माणसं, उघड्या हातांनी, जुन्या फडक्यानं ती घाण पुसत होती.

तिओमानला चुआंनी प्लास्टिक अंथरलं होतं, आमच्याकडे सीटचं रेक्झिन.

दुसऱ्या दिवशी स्कूटर समोरच्या भिंतीशी गेल्या. पुसायची तर मोजे घालून आणि साबणाच्या पाण्यानं, असंही ठरलं. पिंपळ आहे तिथंच आहे. संध्याकाळी सातच्या सुमाराला एक-एक करून वटवाघळं सुटतात, आणि ते काका कधी कधी गच्चीवर उभे राहून मोजतात. परवा त्यांचा आकडा ८३ होता, माझा ७९. दोघांपैकी कुणाचा बरोबर, यावरून आमचा अजून वाद चालू आहे.